सहा पायांची धाव

जानेवारी 2016. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एल्कमॉन्ट नावाचं लहानसं गाव आहे. तिथे अर्धमॅरेथॉन सुटायच्या बेतात होती. जवळच्या एका घरातून लुडिव्हिन नावाची ब्लडहाउंड जातीची कुत्री सकाळच्या विधीसाठी बाहेर सोडली होती. ती हुंगत हुंगत आरंभरेषेवर आली आणि शर्यत सुटली तशी सगळ्यांबरोबर निघाली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पट्टा धरला नव्हता. वाटेत एक मेलेला ससा दिसला तिथे ती थांबली, ओढ्यात उतरली, कुरणातल्या खेचरांची आणि गायींची भेट घेऊन आली. एवढं सगळं करून 1 तास 32 मिनिटं 56 सेकंदांत तिनं 21 किलोमीटर संपवले आणि ती सातवी आली. गळ्यात पदक पडलं. पुढे त्या शर्यतीचं नावच ‘हाउंड डॉग हाफ’ झालं.

ही गोष्ट ऐकणारा पहिल्यांदा हसतो. मग त्याच्या ध्यानात येतं, की शर्यत म्हणजे काय हे लुडिव्हिनला ठाऊक नव्हतं आणि पदकाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. माणसं पळत होती, तेवढं कारण तिला पुरलं. कुत्र्याबरोबर रोज धावणाऱ्या कुणालाही हे कारण चांगलं ओळखीचं असतं. बुटाची नाडी ओढल्याचा आवाज झाला की आतल्या खोलीत गाढ झोपलेलं कुत्रं दारात हजर होतं. काल जागरण झालंय, बाहेर भुरभुर आहे, गुडघा कुरकुरतोय, यातली एकही सबब त्याच्यापुढे चालत नाही. धावण्याचे संकल्प एक जानेवारीला सुटतात आणि संक्रांतीच्या आसपास विरतात. घरात कुत्रं असलं की विरायला तेवढी मोकळीक मिळत नाही.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर उजाडताना गेलं तर अशा जोड्या हमखास भेटतात. खालच्या रस्त्यांवर दिवे अजून जळत असतात, खाणीच्या बाजूनं मोर ओरडत असतो, आणि वेताळाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एक माणूस आणि एक कुत्रं लयीत चाललेली असतात. ही लय कशी जुळते ते जवळून पाहण्यासारखं आहे. साध्या जॉगिंगची गती ताशी आठ-दहा किलोमीटर. मध्यम अंगाचं कुत्रं त्याच गतीला दुडकी चाल धरतं. पुढचा उजवा पाय मागच्या डाव्याबरोबर उचलला जातो, पुढचा डावा मागच्या उजव्याबरोबर. या चालीत त्याची ताकद फार खर्च होत नाही आणि माणसालाही ऊर फुटेस्तोवर पळावं लागत नाही. मुरमावर नखं खरखरतात, कातळावर टकटकतात. पहिली पाचदहा मिनिटं ओढाताणीत जातात, कारण प्रत्येक झुडपावर काल रात्रीची खबर असते आणि ती वाचल्याखेरीज पुढे जाणं कुत्र्याला मंजूर नसतं. मग केव्हातरी हुंगणं कमी होतं, कान मागे पडतात, मधली दोरी सैल होते. पहाटे एकट्यानं धावायला बिचकणाऱ्या कितीतरी बायका या सैल दोरीच्या भरवशावर अंधारात घराबाहेर पडतात. धावण्याच्या पुस्तकांत या गोष्टीला फारशी जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

अशा वेळी दोघांनाही बरं वाटतं, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. अमेरिकन संशोधक डेव्हिड रायक्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये माणसं, कुत्री आणि फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी, अशा तिघांना ट्रेडमिलवर पळवलं आणि रक्त तपासलं. पळून झाल्यावर माणसांच्या आणि कुत्र्यांच्या रक्तात अ‍ॅनंडमाइड हे मन उल्हसित करणारं द्रव्य वाढलेलं होतं. फेरेटच्या रक्तात ते वाढलं नाही. लांब पळणं ज्यांच्या पूर्वजांच्या पोटापाण्याशी बांधलेलं होतं, त्यांनाच हे बक्षीस मिळतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मात्र या सुखातच धोका आहे. माणूस दमला की बोलतो, कुरकुरतो, बाकावर बसतो. कुत्रं आपल्या माणसामागे पळत राहतं. त्याच्या सोबत्यानं थांबायचं ठरवलं नाही तर ते कोसळेपर्यंत पळेल. म्हणून कुत्र्याला घेऊन धावणाऱ्यानं पहिल्यांदा शिकायची गोष्ट म्हणजे त्याच्या वतीनं थांबणं. वेग, अंतर, घड्याळ ही सगळी त्यानंतरची बाब.

दोघांची अंगं उष्णता बाहेर टाकतात त्या रीतीच निराळ्या. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. सबंध अंग भिजतं आणि वाऱ्यानं निवतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना. बाकी सगळा भार जिभेवर आणि श्वासावर. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं धापा टाकू लागलं की तीनशेच्या पुढे जातं. तोंडातला ओलावा वाफ होऊन निघून जातो, तेवढाच त्याला गारवा. त्याचं नेहमीचं तापमानच 38 ते 39 अंश सेल्सियसच्या घरात असतं. ते 41 च्या वर गेलं तर जिवावर बेततं. हवेत आधीच दमटपणा असेल तर वाफ जाणार कुठे? मे महिन्यातल्या नागपुरात कुत्र्याला पळवू नये हे कुणालाही कळतं. पण पाऊस लांबलेला आहे, आभाळ भरलंय, ऊन नाही, पारा तिशीच्या आत आहे आणि अंगाला चिकचिक होतेय, अशी मुंबईतली जूनची सकाळही तितकीच वाईट असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

घामानं निवणाऱ्या माणसाचं पारडं मात्र उन्हात जड असतं. संशोधक डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन यांनी 2004 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं, की लांब पल्ल्याचं धावणं मानवी शरीराच्या घडणीतच आहे. कलहारीतले सान शिकारी भर दुपारी कुडू जातीच्या हरणामागे तासन्‌तास धावत, ते तापून जागच्या जागी उभं राहीपर्यंत. उन्हात माणूस भल्याभल्या चतुष्पादांना मागे टाकतो, आणि त्यांत त्याचं स्वतःचं कुत्रंही आलं.

थंडीत हा हिशेब उलटतो. 1925 च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा नेनानापासून हजारावर किलोमीटरवरच्या त्या गावापर्यंत औषध पोचवलं ते बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाड्यांनी. वीस चालक, दीडशेच्या आसपास कुत्री, शून्याखाली चाळीस अंशांची थंडी आणि साडेपाच दिवस. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा आहे. सगळ्यांत लांबचा, जीवघेणा टप्पा मात्र टोगोनं ओढला होता. अशाच कुत्र्यांचा सराव बर्फ नसलेल्या महिन्यांत सुटू नये म्हणून युरोपात माणसं त्यांच्यामागे पळू लागली आणि त्यातून कॅनिक्रॉस हा खेळ उभा राहिला. धावणाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा, कुत्र्याच्या छातीला हार्नेस आणि मधे ताण खाणारी दोनेक मीटरची दोरी. कुत्र्यानं माणसाला ओढलं तर चालतं, माणसानं कुत्र्याला ओढलेलं चालत नाही. खेळाच्या नियमांत इतका शहाणपणा क्वचित सापडतो.

लुडिव्हिन धावली त्याच 2016 च्या जूनमध्ये चीनमधल्या शिनच्यांग प्रांतात गोबी मार्च ही 250 किलोमीटरची शर्यत चालू होती. टप्प्याटप्प्यानं, आठवडाभर चालणारी. एडिंबरात राहणारे ऑस्ट्रेलियन धावपटू डायन लिओनार्ड तियानशान पर्वतातल्या टप्प्यावर असताना एक बारकीशी भटकी कुत्री त्यांच्या पायात घोटाळू लागली. ती मागे फिरेल असं वाटलं होतं, पण ती फिरली नाही. तिचं नाव गोबी पडलं आणि ती सव्वाशे किलोमीटरच्या आसपास त्यांच्याबरोबर धावली. नदी आडवी आली तेव्हा लिओनार्ड मागे वळले आणि तिला उचलून पलीकडे घेऊन गेले. शर्यतीत मिनिटांना किंमत असते, ती त्यांनी मोजली. शर्यतीत ते दुसरे आले. गोबीची गोष्ट जगभर गेली, तिच्यावर पुस्तक झालं. उरुमची शहरात ती हरवली आणि पोस्टर लावून, गल्लीबोळ पालथे घालून तिला शोधलं, तो भाग सगळे रंगवून सांगतात. एक तपशील मात्र सांगायचा राहतो. वाळवंटातली उष्णता असह्य झाली त्या टप्प्यांत गोबीला पळवलं नाही. आयोजकांच्या गाडीतून तिला पुढे नेलं आणि ती शेवटच्या रेषेपाशी आपल्या माणसाची वाट बघत बसली. तिच्या सगळ्या पराक्रमात हा निर्णय सर्वांत मोलाचा.

असाच निर्णय अधिक विचारपूर्वक घेतलेला 17 मार्च 2019 ला न्यूयॉर्कच्या अर्धमॅरेथॉनमध्ये दिसला. थॉमस पॅनेक यांची दृष्टी तरुणपणीच गेली. अंधांना वाटाडी कुत्री तयार करून देणाऱ्या ‘गायडिंग आइज फॉर द ब्लाइंड’ या संस्थेचे ते तेव्हा प्रमुख होते. अंध धावपटू एरवी डोळस सोबत्याच्या आधारानं धावतो. पॅनेकही तसे धावत. पण आपल्या गतीनं, आपल्या कुत्र्याच्या साथीनं धावण्यात जी मोकळीक आहे ती त्यांना हवी होती, म्हणून संस्थेत धावणारी वाटाडी कुत्री तयार होऊ लागली. काम सोपं नव्हे. चालताना खड्डा, पायरी, खांब टाळायला शिकलेल्या कुत्र्याला तेच सगळं पळत्या गतीत आणि माणसांच्या लोंढ्यात करायचं असतं, पाणवठ्यावर सांडलेल्या कागदी पेल्यांमधून वाट काढायची असते. त्या दिवशी वॉफल, तिचा भाऊ वेस्टली आणि म्हातारा होत आलेला गस अशी तीन लॅब्रॅडॉर कुत्री आळीपाळीनं पुढे झाली. एकानं सोडलेला दांडा दुसऱ्यानं घेतला, दुसऱ्यानं सोडलेला तिसऱ्यानं. शेवटचा टप्पा गसचा होता. त्यानंतर तो निवृत्त झाला. सुमारे 2 तास 20 मिनिटांत पॅनेक यांनी शर्यत पूर्ण केली. 21 किलोमीटर हे माणसाचं ध्येय होतं, कुत्र्यावर त्याचा भार पडता कामा नये, हा विचार त्या तीन नावांमागे आहे.

आपल्याकडे हा विचार कुत्रं निवडण्यापासूनच करावा लागतो. मोबाइलच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोचलेला पग आपल्या चपट्या नाकामुळे नीट धापाही टाकू शकत नाही. त्याला पळवणं क्रूरपणाचं आहे. हस्कीची दाट लव पुण्याच्या एप्रिलसाठी बनलेली नाही. मराठवाड्याकडचं कारवान म्हणजे सशामागे सुटणारं जातिवंत शिकारी कुत्रं. थोड्या अंतरात ते जो वेग घेतं त्यापुढे कुणाचाच पाड लागत नाही, पण तासभर एकसुरी दुडकत राहणं हा त्याचा पिंड नव्हे. या हवेत रोजच्या धावण्याला सर्वांत साजेसं कुत्रं बहुधा आपल्याच गल्लीत जन्मलेलं असतं. आखूड केस, सडपातळ अंग, लांब पाय. गावठी म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी त्याला चढावर पळताना एकदा पाहावं.

पिल्लाला मात्र थांबावं लागतं. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर नुसतं चालणं आणि बागडणं बरं. पुढे एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. पोटभर खायला घालून पळवायचं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडून तासाभरात जीव जाऊ शकतो. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घालायचा. रस्ता तापलाय का, हे हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून बघायचं. सात सेकंद हात ठेववत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही ते सोसणार नाही. आणि धावताना अधूनमधून त्याच्या जिभेकडे बघायचं. ती पळीसारखी रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, की धाव तिथेच संपली. सावली, पोटावर आणि जांघेत पाणी, मग डॉक्टर.

दोरी सुटू न देण्याची कारणं आणखीही आहेत. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. मोकळ्या सुटलेल्या एका कुत्र्यानं तिचा हंगाम वाया जातो. आणि ज्या गावांच्या कडेला ऊस आहे किंवा रान आहे तिथे अंधारात कुत्र्याला घेऊन निघूच नये. अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता.

पावसाळा सरला की गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाचं टोक सुईइतकं बारीक आणि मागची लव उलटी, त्यामुळे एकदा शिरलं की ते आतच सरकत जातं. म्हणून धावून आल्यावर ओट्यावर एक बैठक ठरलेली असते. कुत्रं आडवं होतं, माणूस त्याचा पंजा मांडीवर घेतो, अंगठ्यानं एकेक बोट फाकवून बघतो. दोन बोटांच्या बेचक्यात, कानाच्या दुमडीत, शेपटीच्या मुळाशी. टपोरी, करडी गोचीड सापडली की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. गोचिडाच्या तापानं धडधाकट कुत्री जातात, त्यामुळे या कामात घाई करून चालत नाही. कुत्र्यालाही घाई नसते. डोळे मिटून ते पंजा पुढे करतं आणि एक झाला की दुसरा देतं.

सात-आठ वर्षं उलटली की मोठ्या जातीचं कुत्रं चढावर मागे पडू लागतं. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले असतात. तरीही नाडीचा आवाज झाला की ते दारात येऊन उभं राहतं. पुष्कळ जण तेव्हा सकाळचे दोन भाग करतात. आधी कुत्र्याबरोबर अर्धा तास चालायचं, त्याला घरी सोडायचं, मग आपण धावायला जायचं. पण मागे ठेवलेलं कुत्रं दाराशी बसून केविलवाणं रडतं, आणि ते ऐकत जिना उतरणं जमत नाही. म्हणून काही जणांनी क्रम उलटा केला आहे. बूट रात्रीच बाहेर ठेवायचे, पहाटे आवाज न करता आपली धाव उरकून यायची आणि मग पट्टा काढायचा. तोवर माणसाचेही पाय जड झालेले असतात, दोघांची गती आपोआप जुळते, आणि कुठल्या झुडपापाशी किती वेळ थांबायचं हे त्या फेरीत कुत्रं ठरवतं.