गिटार शिकणाऱ्या मुलांना शास्त्र किती हवे?

आमच्या रामवाडीत अलीकडे जयंतीच्या कार्यक्रमात पेटी-ढोलकीच्या शेजारी गिटार दिसू लागली आहे. आम्हाला त्याचा आनंद वाटतो. परंतु हौसेने घेतलेल्या गिटारी काही महिन्यांतच खुंटीला लागतात. कारण विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “काका, आधी सगळी थिअरी करा म्हणतात. ते आपल्याला झेपणारे नाही.”

आपल्या घरांत ‘शास्त्र’ या शब्दाची जुनी धास्ती आहे. ज्याच्या जवळ आपल्याला पिढ्यानपिढ्या फिरकू दिले नाही, ते शास्त्र. म्हणून काही मुले गिटार खाली ठेवतात, तर काही छाती काढून म्हणतात, “वामनदादांनी कुठे थिअरी केली होती?” हे अर्धेच खरे. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी 1943 साली पहिले गीत रचले ते हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पण अक्षरावाचून अडते हे कळताच हाच माणूस मोठ्या वयात अक्षरे गिरवायला बसला होता. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, तेही शिक्षकासमोर बसूनच. तेव्हा शास्त्र नको म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. आधी कोणते, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या मते आधी पट्टी समजावी. गायक “काळी एक” म्हणतो, तेव्हा तो आपला ‘सा’ सांगत असतो. पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या अशा बारा पट्ट्या. गिटारच्या तारेवर एक घर पुढे सरकले की पेटीवरची शेजारची पट्टी. बाराव्या घरात तोच स्वर, वरच्या सप्तकातला. हे कळले की निम्मी भीती जाते.

मग तीन कॉर्ड: ए, डी, ई. ए या स्वराला ‘सा’ धरला तर ए म्हणजे सा-ग-प, डी म्हणजे म-ध-सा, ई म्हणजे प-नी-रे. तिन्ही मिळून साती शुद्ध स्वर आले, म्हणूनच एवढ्यावर पुष्कळ गाणी निघतात. चाल कोमल गंधार-धैवताची असेल तर ए आणि डी मायनर घ्यावेत. चौथ्या घरात कॅपोचा चिमटा लावला की याच बोटांनी काळी एक वाजते. बी.कॉम.ला आम्हीही जमाखर्चाचे तीन नियम घोकूनच पहिली नोंद केली. ताळेबंद फार पुढे आला.

ठेक्याचे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही, तो अंगातच असतो. केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा टाळीवर मोजता आल्या की झाले. राग, थाट, मोठमोठे कॉर्ड मागाहून येतील.

एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षातच शिकावी असा आमचा आग्रह आहे. ती म्हणजे स्वरलेखन. जुन्या जलशांतल्या गाण्यांच्या वह्या अजून काही घरांतून सापडतात. त्यांत शब्द आहेत, चाल नाही. गाणारा गेला, चालही गेली. आमच्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजी पाळण्यापासून महापरिनिर्वाणापर्यंतची गाणी म्हणायच्या. आज त्यांच्या नातींना ओळी पाठ आहेत, पण प्रत्येकीची चाल निराळी. दोन ओळींखाली सा-रे-ग-म लिहून ठेवणारे कोणी त्या वेळी घरात असते तर! मोबाईलवर ध्वनिमुद्रण करता येते हे खरे, पण फोन बदलला की तेही हरवते. वहीत लिहिलेले दुसऱ्याला वाजवता येते. आठवड्याला एका गाण्याचे ध्रुवपद लिहिले तरी चालेल.

जाता जाता एक सूचना. विहारातली पेटी जुनी असेल तर तिचे सूर थोडे चढे-उतरलेले असतात. कार्यक्रमात पेटी काही लावून घेता येत नाही, गिटारच्या तारा येतात. म्हणून त्या दिवशी मोबाईलवरचा ट्यूनर बाजूला ठेवावा आणि पेटीवाल्याकडून स्वर घेऊन सहाही तारा जुळवाव्यात. कॅपो लावल्यावर पुन्हा एकदा तपासाव्यात. चिमट्याने तारा ताणल्या जातात.