सोन्याच्या गावची सकाळची गाडी

भल्या सकाळी मारिकुप्पमहून निघणाऱ्या बंगळूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. हातात जेवणाचा डबा घेतलेली ही माणसे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातली. पोटासाठी रोज सुमारे शंभर किलोमीटर जायचे आणि रात्री परतायचे. ज्यांच्या पायाखाली सोने होते, त्यांच्यावर ही वेळ का यावी?

१९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार झाली, ती आधी पोहोचली या खाणींत. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले १९०५ मध्ये! पण खाणी लंडनच्या जॉन टेलर कंपनीच्या हाती. साहेबांना बंगले आणि क्लब, मजुरांना खोपटी. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. नफा मात्र साता समुद्रापार. १९५६ मध्ये खाणी सरकारकडे आल्या, तोवर चांगले सोने बरेचसे उपसून झाले होते.

बंगळूरला ना सोने, ना मोठी नदी. मात्र म्हैसूर दरबाराने जमीन दिली आणि टाटांची विज्ञान संस्था १९०९ मध्ये उभी राहिली. पुण्यात इंजिनियर झालेले विश्वेश्वरय्या १९१२ मध्ये दिवाण झाले. पाठोपाठ बँक आली, इंजिनियरिंग कॉलेज आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला, तोही याच संस्थानाच्या मदतीने. कारखान्यात एक फिटर तयार झाला की त्याच्या हाताखाली चार पोरे शिकतात. सोन्याच्या विटेचे तसे होत नाही.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. गावात सायनाइड मिसळलेल्या मातीचे डोंगर उरले. सकाळची गाडी तेवढी अजूनही भरून जाते.