सहा-एक-सात-चार

रात्रीचे साडेअकरा. धारपांची भयकथा अर्ध्यावर पालथी घातली. पुढे वाचायचा धीर होईना. मग लाइटबिलाच्या पाठीवर आकडेमोड. बिल ३५२४ रुपयांचं (हीसुद्धा भयकथाच!). अंक उतरत्या क्रमाने लावले, त्यातून चढत्या क्रमाचे वजा केले: ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच, ८३५२. पुन्हा, ६१७४. आणि मग गाडी हलेचना: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात फेऱ्यांत याच विहिरीत पडते. देवळालीच्या कापरेकर मास्तरांना ही १९४९ मध्ये सापडली. धारपांची भुतं त्यांच्याच कथांतले समर्थ आले की पळतात तरी. हिला कोण घालवणार? सगळ्या संख्या तपासून झाल्यात, मान्य. तरी अंगावर काटा येतोच. दुधाच्या बिलावर करून बघतो.