वाढत्या अंगाचा स्वेटर

सोलापूरकराने स्वेटरवर लिहावं, याचं कुणालाही हसू येईल. आमच्याकडे थंडी येते ती जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याबरोबर, आणि गड्ड्यातले पाळणे उतरायच्या आत निघूनही जाते. तरी आमच्या घरात स्वेटर होता.

अलीकडे शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कॅटलॉगची पानं पाहण्यात आली. शिकागोची सीअर्स रोबक कंपनी टपालाने माल विकायची. त्यात मुलांचे विणलेले स्वेटर : उंच गळ्याचे, पुढे बटणांचे, शालीसारख्या कॉलरचे. मुलाचं वय किंवा छातीचं माप कळवायचं, पैसे पाठवायचे. १९१३ मध्ये तिथे सरकारी पार्सल टपाल सुरू झालं आणि खेड्यापाड्यांतून मागणी आणखी वाढली. आपल्याकडे व्ही.पी. त्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्येच आली होती. वस्तू दारात, पैसे पोस्टमनच्या हातात.

ही साधी गोष्ट नव्हे. किंमत छापलेली, सगळ्यांना एकच. दुकानदार कपडे बघून भाव सांगत नाही. गरिबाच्या पोराला यात मान होता. पण कॅटलॉगमधलं पोरगं कधी वाढत नाही. आम्ही तिघे भाऊ वाढत होतो.

अम्मी अपुरा झालेला स्वेटर उसवायची. कुरळ्या झालेल्या लोकरीची लड करून कोमट पाण्यातून काढायची, ताणून वाळवायची आणि पुन्हा सुयांवर घ्यायची. कमी पडेल तिथे दुसरा रंग. मराठीत चादरही विणतात आणि स्वेटरही; पण मागावरची चादर उसवून नवी चादर होत नाही. स्वेटरच्या धाग्याचं टोक सापडलं की सगळा मोकळा होतो.

अब्बांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी नवी लोकर आली नाही. थोरल्या भाईने शाळा सोडली आणि टॉवेलच्या कारखान्यात जाऊ लागला. त्याचा स्वेटर त्याला अजून होत होता, तरी त्यानेच तो अम्मीपुढे ठेवला. कारखान्यात उकडतंच, म्हणाला. मी तो शाळेत घातला. भाई पहाटेच्या पाळीला सायकलवर जायचा.

आता त्याच्या नातवाचा स्वेटर मोबाइलवरून मागवतात. माप चुकलं तर परत जातो. भाई मात्र पुडकं उघडलं की आधी स्वेटर उलटा करून शिवण बघतो, उसवता येईल का ते.