माल्टीज : नाव प्राचीन, वंश किती जुना?

१/ मांडीवर सहज मावणारा, शुभ्र केसांचा, काळ्याभोर नाकाचा माल्टीज ‘जगातील सर्वांत प्राचीन श्वानजातींपैकी एक’ म्हणून मिरवला जातो. या दाव्यात इतिहास किती आणि हौस किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

२/ नाव खरोखरच जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने एका रानटी प्राण्याचा आकार सांगताना ‘मेलिटे’च्या छोट्या कुत्र्याशी तुलना केली. तुलना वाचकाच्या परिचयातील गोष्टीशीच केली जाते. म्हणजे ग्रीकांना हा कुत्रा तेव्हाच ठाऊक होता.

३/ पण हे मेलिटे कोणते? भूगोलकार स्ट्रेबो सिसिलीजवळच्या माल्टाकडे बोट दाखवतो. प्लिनी मात्र कवी कॅलिमॅकसचा हवाला देऊन एड्रियाटिक समुद्रातील त्याच नावाच्या बेटाचा उल्लेख करतो. आजचे आंतरराष्ट्रीय मानक तिसरीच वाट धरते. त्यानुसार हे नाव ‘आश्रयस्थान’ किंवा ‘बंदर’ या अर्थाच्या सेमिटिक शब्दावरून आले, आणि या कुत्र्याचे पूर्वज भूमध्य समुद्रातील बंदरांच्या गोदामांत उंदीर मारत असत.

४/ रोमन कवी मार्शलने पब्लियसच्या ‘इस्सा’ या लाडक्या कुत्रीवर कविता रचली. मृत्यूने ती सर्वस्वी हिरावून नेऊ नये, म्हणून पब्लियसने तिचे चित्र काढवून घेतले, असे त्या कवितेत आहे. इस्सा माल्टीज होती, असे पुढे अनेकांनी लिहिले. कवितेत तिची जात सांगितलेलीच नाही. प्रतिष्ठित वंशावळी पुष्कळदा अशाच, रिकाम्या जागा भरत वाढतात.

५/ १५७० साली इंग्रज वैद्य जॉन केयस याने आपल्या लॅटिन ग्रंथात या कुत्र्यांना कुरवाळत बसणाऱ्या उच्चकुलीन स्त्रियांची यथेच्छ टवाळी केली. तरीही पोटाशी धरल्यास हे कुत्रे पोटदुखीला आराम देतात, हे त्याला नोंदवावेच लागले. ‘निरुपयोगी’ ठरवलेला हा प्राणी आजारी माणसाला ऊब देत होता.

६/ आजच्या माल्टीजचे वजन साधारण ३ ते ४ किलो असते. त्याचे केस लांब व रेशमी असून त्यांखाली मऊ लोकरीचा दाट थर नसतो. ही लक्षणे काटेकोरपणे ठरवण्याची आणि वंशाची नोंद ठेवण्याची पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातील. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. अमेरिकन केनेल क्लबने माल्टीजला १८८८ साली मान्यता दिली.

७/ म्हणजे नाव सुमारे तेवीसशे वर्षांचे, तर नोंद जेमतेम दीडशे वर्षांची. मधल्या काळात छोटे, लाडके कुत्रे होते, हे निश्चित. त्यांचा वंश अखंड होता, हे कोणताही ग्रंथ सिद्ध करत नाही. ‘प्राचीन’ म्हणवणारी जात कुत्र्याची असो वा माणसाची, नावाचा काळ आणि नोंदीचा काळ स्वतंत्रपणे विचारावा.