सरासरी राखाडी, पण कर्नाळा हिरवा

श्रावणात कर्नाळ्याच्या पायथ्याशी मोबाइलवर फोटो काढला की हिरवा रंग बऱ्याचदा फसतो. डोळ्यांना जे पोपटी, ओलं, गच्च दिसत असतं ते पडद्यावर मळकट आणि किंचित जांभळट येतं. लोक मोबाइलच्या किमतीला दोष देतात. खरा दोष एका गृहीतकाचा आहे.

इमेज प्रोसेसिंग हा माझा विषय. पनवेलात राहून तो शिकवायचा म्हणजे उदाहरणं दारातच मिळतात. उजेडाला स्वतःचा रंग असतो. समईजवळ पांढरा कागद पिवळट प्रकाश परतवतो, ढगाळ दुपारी निळसर. आपला मेंदू तो फरक नकळत वजा करतो. कॅमेऱ्याला मात्र हिशेब करावा लागतो. त्यातला एक जुना आणि सोपा हिशेब बुख्सबाउम यांनी १९८० मध्ये गणितात मांडला : कुठल्याही दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी येते असं धरून चाला, आली नाही, तर जो रंग जास्त आहे तो उजेडाचा समजा आणि काढून टाका. शहरातल्या रस्त्यावर हे बरं चालतं. कर्नाळ्यात सरासरीच हिरवी असते. कॅमेऱ्याला वाटतं उजेड हिरवा आहे, आणि तो हिरव्याच्या विरुद्ध रंग, म्हणजे किरमिजी, मिसळतो. झेंडूनं भरलेल्या मखराचं याच्या उलट होतं : केशरी कापला जातो आणि शाडूची मूर्ती निळसर, आजारी दिसू लागते. नव्या मोबाइलमध्ये लाखो चित्रांवर शिकवलेली पद्धत असते, त्यामुळे चूक सौम्य होते. पण ती चित्रं ज्या देशांतली असतील, त्यांचाच स्वभाव त्या पद्धतीला लागणार.

झेंडू आणि कुंकवाचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालं त्या जाळीत निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. बाकीचे आकडे शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरले जातात. थोडक्यात, फोटोतले दोन तृतीयांश रंग-आकडे कुणी मोजलेलेच नसतात! हिरव्या शेताला ही विभागणी मानवते. गर्द लाल शालूच्या फोटोत मात्र काम करतात ते प्रामुख्यानं ते पाव ठिपके. उन्हात त्यांचीही क्षमता भरून जाते, आणि झेंडूच्या पाकळ्यापाकळ्यांतली सावली जाऊन प्लॅस्टिकसारखा सपाट केशरी गोळा उरतो.

त्यावर जेपीईजीची कात्री. १९९२ च्या या मानकाचा गाभा असलेलं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्या १९७४ च्या निबंधातलं. (अहमद मूळचे बंगळुरूचे. घरोघरच्या फोटोंमागे हे नाव आहे, आणि आमच्याकडे ते प्रश्नपत्रिकेबाहेर कुणी घेत नाही.) डोळा उजेडातला बारकावा नीट टिपतो, रंगातला कमी, म्हणून जेपीईजीत बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकाच ठिपक्याचा रंग साठवतात. पैठणीच्या काठावरची लाल-हिरवी बारीक नक्षी एकमेकींत उतरते ती इथे.

पडद्याचीही गंमत आहे. आजही बहुतेक फोटो ज्या रंगमर्यादेत साठवले जातात ती एसआरजीबी १९९६ मध्ये काचेच्या नळीच्या मॉनिटरवरून ठरली. उन्हातला गडद झेंडू तिच्या काठावर किंवा काठाबाहेर पडतो. आणि रंग आकड्यांत मांडायची जगन्मान्य पद्धत, १९३१ ची, इंग्लंडमधल्या राइट आणि गिल्ड यांच्या प्रयोगांवर उभी आहे. दोघांचे मिळून निरीक्षक किती? सतरा. पनवेलच्या बाजारात एखादी मावशी दिव्याखाली पसंत केलेली साडी घेऊन दुकानाच्या दारात येते आणि दिवसाच्या उजेडात उलगडून बघते, तेव्हा ती याच शास्त्राचा प्रयोग करत असते. एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्याखाली फटकून राहू शकतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ऑनलाइन साडी घेणाऱ्या तिच्या सुनेला ती सोय नाही.

रंगाचं एक वेळ चालवून घेता येतं. फोटो लावून ठेवण्यातला घोळ मला जास्त छळतो, आणि त्यालाही कारण पनवेलच आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी फोडून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटनही झालं. त्या गावांचे शेवटचे फोटो कुठल्या संग्रहालयात नाहीत, लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत. मूळ फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंद असते : तारीख, वेळ, कॅमेरा, आणि सेटिंग चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो लहान होतो, पुन्हा दाबला जातो, आणि ही नोंद पुसली जाते. मिळालेल्या फाइलच्या नावातली तारीख काढल्याची नसते, पोचल्याची असते. २०१६ ची जत्रा २०२४ च्या खणात जाऊन बसते, 'शुभ सकाळ'च्या गुलाबांशेजारी. असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एवढं एक जरी गावच्या गटांनी पाळलं, तरी पुढच्या अभ्यासकाचं निम्मं काम होईल.

छापील अल्बमांना ही नोंद नसतेच. स्कॅन केलं की उलट आजचीच तारीख चिकटते. तिथे घरातल्या आजीला विचारावं. "धाकट्याच्या बारशाच्या आधीचा" हे उत्तर कुठल्याही चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी असतं, आणि ते फाइलच्या नावातच लिहून टाकावं.

रंगही परत आणता येतात, थोडेफार. १९७०-८० च्या दशकांतल्या रंगीत प्रतींतलं निळसर द्रव्य बंद कपाटातही आधी उडतं, म्हणून ते फोटो तांबूस झालेले असतात. ते सुधारताना ज्याचा खरा रंग माहीत आहे अशी वस्तू चित्रात शोधायची. विद्यार्थी धावतात गांधी टोपीकडे. पण टोपीला नीळ घातलेली असते, तिला शुद्ध पांढरी धरली तर सगळं वऱ्हाड पिवळं होतं. लग्नाच्या फोटोत अंतरपाट सापडला तर मला तो बरा वाटतो : एकाच कापडावर पांढरं आणि कुंकवाचा लाल स्वस्तिक, दोन्ही एकाच उजेडात. मंडपाच्या आंब्याच्या डहाळ्यांचा हिरवा मात्र धरू नये. डहाळे सकाळी बांधलेले, फोटो दुपारचा, आणि वैशाखात पान तोवर सुकलेलं असतं.