‘फक्त बीअर’ आणि आठ टक्के

‘डॉक्टर, दारू नाही हो, फक्त बीअर घेतो,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर लगेच तीन प्रश्न विचारतो. कोणती बीअर? ग्लास किती मिलीचा? आणि अल्कोहोल किती टक्के? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात, तिसऱ्याला बहुतेक जण खांदे उडवतात. म्हणून आजचा लेख टक्क्यांवर, आणि तोही मी स्वतः चाखलेल्या एका बीअरच्या निमित्ताने. डॉक्टरने बीअरवर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचा.

माझा भाचा पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत बीअर बनवतो. डिसेंबरात त्याचा फोन आला, “मामा, या वर्षीची डॉपेलबॉक तयार झालीये. एकच टाकी आहे, संपली की संपली.” मी रिक्षाने गेलो. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे छोटा ग्लास घेणार हे आधीच सांगून ठेवले होते.

डॉपेलबॉक ही मूळची जर्मनीतल्या म्युनिकची. तिथल्या पावलानर मठातले साधू उपवासाच्या काळात पोटाला आधार म्हणून अशी दाट बीअर करत, असे सांगतात. ‘डॉपेल’ म्हणजे दुप्पट. आपली ‘एकादशी, दुप्पट खाशी’ तिथेही लागू पडते म्हणायची! जव भिजवून, मोड आणून, वाळवून आणि भाजून जे माल्ट तयार होते, ते या बीअरमध्ये नेहमीपेक्षा बरेच जास्त घालतात. त्यातली बरीचशी साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल करते. ही बीअर थंडाव्यात सावकाश मुरावी लागते. गव्हाची साधी बीअर दोन-तीन आठवड्यांत विकायला येते, पण हिच्यासाठी टाकी काही महिने अडकून पडते. छोट्या ब्रुअरीला हे वर्षातून एकदाच परवडते.

आता चव. रंग काकवीसारखा, वर जाड पिवळसर फेस. वास तव्यावर जरा जास्त खरपूस झालेल्या भाकरीचा. पहिल्या घोटाला खारीक आणि गुळाची आठवण, कडवटपणा अगदी मागे. गिळल्यावर छातीत थोडी ऊब जाणवली, तेवढीच. दारूचा दर्प कुठेच नाही. “कशी आहे?” भाच्याने विचारले. उत्तम आहे, असे मी मनापासून सांगितले. मग त्याने फळ्यावरचा आकडा दाखवला : ८ टक्के.

माझ्यातला डॉक्टर इथे जागा झाला. उरलेली साखर आणि माल्टची गोडी अल्कोहोलचा तिखटपणा झाकते, गारव्याने चव आणखी दबते. म्हणजे जिभेला ही बीअर किती कडक आहे ते कळतच नाही. रंगावरूनही कळत नाही. रंग येतो तो माल्ट किती भाजले त्यावरून. गिनेससारखी काळी बीअर जेमतेम सव्वाचार टक्क्यांची असते, आणि सोनेरी दिसणारी एखादी बेल्जियन बीअर साडेआठ-नऊ टक्क्यांची.

हिशोब सोपा आहे. मिली गुणिले टक्के भागिले शंभर, आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणायचे. अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ५०० मिलीच्या मगात ८ टक्क्यांची बीअर असेल तर साधारण ३२ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये असते सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक मग बरोबर तीन स्मॉल पेग. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढते, मग तुम्ही लिंबूपाणी घ्या नाहीतर गार पाण्याने आंघोळ करा. ७० किलो वजनाच्या पुरुषाने हा मग रिकाम्या पोटी तासाभरात संपवला, तर १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असेल. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. त्याच वजनाच्या स्त्रीच्या रक्तात हे प्रमाण आणखी वर जाते.

हे मी इतके ताणून का सांगतोय? माझे एक पेशंट आहेत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. तक्रार अशी, की रविवारी पहाटे दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, असंबद्ध बोलतात. घरच्यांना वाटायचे, रात्रीची उतरलेली नाही. खोदून विचारल्यावर कळले : शनिवारी रात्री स्ट्राँग बीअरचे दोन मोठे मग, आणि ‘बीअरनेच पोट भरते’ म्हणून जेवण नाही. दोन मग म्हणजे सहा पेग! गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत असते. एरवी साखर उतरू लागली की यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडते, पण अल्कोहोल पचवताना त्याचे ते काम मंदावते. पहाटेपर्यंत साखर धोकादायक खाली जाते. त्यांची ग्लुकोमीटरवर ५४ होती. नशा समजून अशा माणसाला झोपू दिले, तर तो न उठण्याचाही धोका असतो. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता हॉस्पिटल गाठा.

मुतखड्याचेही सांगून टाकतो, कारण तो प्रश्न येणारच. बीअरने खडा पडतो हा समज पक्का आहे. लघवी वाढते ती अल्कोहोलमुळे, पण नंतर शरीर कोरडे पडते आणि यूरिक ॲसिड वाढते. त्यासाठी साधे पाणी प्या. गाउट, फॅटी लिव्हर, झोपेच्या गोळ्या, गर्भारपण यांपैकी काही असेल, तर अशी बीअर ‘नुसती चाखायला’ही घेऊ नका. आणि जे घेतच नाहीत, त्यांनी तब्येतीसाठी म्हणून सुरू करण्यासारखे तिच्यात काही नाही.

मी घेतलेला ग्लास १५० मिलीचा होता, म्हणजे जवळपास एक स्मॉल पेग, आणि तोही जेवणाबरोबर. त्या पेशंटची गोळी मी बदलली आहे. वहिनींनी ग्लुकोमीटर पलंगाशेजारी ठेवला आहे. त्यांनी बीअर अजून सोडलेली नाही, पण परवा फोन करून विचारत होते, “डॉक्टर, साडेचार टक्क्यांची ३३० मिली म्हणजे किती ग्रॅम?” बारा, मी म्हटले, आणि जेवल्याशिवाय तीही नाही. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.